शिवेवरचं टेकाड

आपला नवरा बोलका आहे, हे हेस्टर स्टिकलँडला लग्नानंतर चाळीसेक वर्षांनी कळलं, आणि तेही दुसऱ्या बाईमुळे.

विल्फ स्टिकलँड म्हणजे टोलकूम गावातला नावाजलेला घुम्या. उभा जन्म कुंपणं विणण्यात आणि चर उपसण्यात गेलेला. घरी आला की बूट दाराशी, टोपी खुंटीला आणि जीभही बहुतेक टोपीतच. ‘चहा झाला का’ आणि ‘वारा फिरला’ एवढ्या भांडवलावर त्यानं संसार रेटला. हेस्टरनंही कधी कुरकुर केली नव्हती. नवरा कमवायला असतो आणि गप्पांना शेजारीण असते, असं ती स्वतःच चारचौघींत हसून सांगायची.

मग शाळेचं जुनं घर विकत घेऊन इमोजेन फेअरली गावात राहायला आली. लंडनची, विधवा, साठीच्या जरा अलीकडची, उंच. स्वेटरला कुत्र्याचे केस चिकटलेले असायचे आणि तिला त्याची फिकीर नसायची. गावच्या शेतांची, खंदकांची, मातीच्या जुन्या बांधांची आणि टेकाडांची नावं गोळा करायची आणि त्यांचा एक मोठा नकाशा चर्चच्या सभागृहात लावायचा, असा तिनं घाट घातला. विल्फला विचारा, असं तिला कुणीतरी सुचवलं. ती टेपरेकॉर्डर घेऊन आली, बैठकीच्या खोलीत बसली, आणि त्या पहिल्याच गुरुवारी विल्फचा चहा बोलता बोलता गार झाला.

पुढं दर गुरुवारी तेच. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधे भिंतीत एक खिडकी होती, बश्या सरकवायची. हेस्टर अलीकडे भांडी घासायची आणि पलीकडून तो आवाज यायचा. हा विल्फच का, असा तिला प्रश्न पडायचा. पडिंग एकर हे नाव कसं पडलं, स्टार्व्हक्रोच्या वावरात कावळादेखील उपाशी का मरायचा, डोंगरावरच्या तिहेरी तटाच्या कुठल्या वळणाला लाँग मेरी म्हणतात, आणि किट्स डिच खणणारा तो किट कोण, ज्याला सैतानानं एका रात्रीची मुदत दिली होती. विल्फ सैतानाचा आवाजसुद्धा काढायचा. हेस्टरच्या हातातली बशी तशीच राहायची. चाळीस वर्षांत त्यानं तिला कुणाचाच आवाज काढून दाखवला नव्हता.

हेही तिला चाललं असतं. पण गुरुवारी तो दाढी करायला लागला. एरवी रविवारी चर्चला जाताना आणि कुणी मेलं तर, एवढेच त्याच्या वस्तऱ्याचे दिवस. आता गुरुवारी दुपारी न्हाणीघरातून साबणाचा वास आला की हेस्टरच्या अंगाची लाही लाही व्हायची. शहाजिऱ्याचा केक मात्र ती नेमानं करायची. पाहुणीला कोरडा केक दिला असं गावानं म्हणू नये म्हणून त्यात लोणीही हात न आखडता घालायची. केक चांगला व्हायचा, इमोजेन दोन तुकडे खायची, आणि हेस्टरला त्याचाही राग यायचा.

गाव कुठं गप्प बसतं? पोस्टापाशी रेज मेडमंटनं एकदा तिला गाठलं. रेज म्हणजे विल्फचा लहानपणापासूनचा सोबती, आणि तोंडाचा अगदी फाटका.

“काय गं हेस्टर, तुझ्या म्हाताऱ्याची शिकवणी कशी चालली आहे?”

“तो शिकवतो, ती शिकते. मी बश्या घासते,” हेस्टर म्हणाली.

“मग बरं आहे की. या वयात दाढी करणारा नवरा मिळाला तुला.”

हेस्टर हसली, पण घरी येईपर्यंत ते हसू आंबलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिच्या मनात शंभरदा येऊन गेलं.

खरं तर नावं हेस्टरलाही ठाऊक होती. पण ती स्वतः टोलकूमची नव्हती. दोन गावांच्या शिवेवर जो जुना लांब बांध आहे, ज्याला राजेलोकांच्याही आधीच्या माणसांनी कुदळी लावल्या म्हणतात, त्याच्या पलीकडच्या अंगाला एबरी गाव. तिथल्या अगदी बांधालगतच्या लोअर फार्मवर हेस्टर जन्मली. मधलं अंतर ओरडलं तर ऐकू जाईल एवढं. तरी टोलकूमच्या लेखी ती अजून ‘पलीकडची’. इतक्या वर्षांत तिनं इथल्या किती बाळंतिणींना सूप नेऊन दिलं असेल, किती मयतांना केक भाजले असतील, पण शिवेची गोष्ट निघाली की लोक तिच्या डोक्यावरून बघायचे. इमोजेननंही तिला कधी विचारलं नाही. तिनं फक्त केकची कृती विचारली.

शिवेची फेरी जवळ आली होती. दर काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर, पाद्रीणबाईंना पुढं घालून सारं गाव आपल्या हद्दीवरून चालतं. हातात हेझल झाडाच्या लवचिक काठ्या. प्रत्येक टेकाडापाशी, प्रत्येक दगडापाशी थांबायचं, काठ्या आपटायच्या, त्या जागेचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आणि शेवटच्या मोठ्या टेकाडावर, बांधाच्या टोकाला, गावात नव्यानं आलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलायचं आणि त्याचं बूड मातीवर आपटायचं. ज्याचं बूड आपटलं तो टोलकूमचा झाला. पण त्याआधी त्यानं टेकाडाचं नाव सांगायचं, आणि फेरीच्या म्होरक्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. नाव चुकलं तर बूड आपटत नाहीत. त्याला बांधापलीकडे एबरीच्या बाजूला ढकलतात, आणि घरी परतेपर्यंत तो तिकडून एकटा चालतो आणि गाव इकडून त्याच्यावर गवताची ढेकळं फेकतं. म्होरक्या कितीतरी वर्षं विल्फच होता. हेस्टरचं बूड कुणी आपटलं नव्हतं. लग्न होऊन आलेल्या बायकांचं आपटायची तेव्हा रीत नव्हती, आणि पुढं रीत बदलली तेव्हा ती सँडविचच्या टेबलामागं उभी असायची.

या खेपेस इमोजेनची पाळी होती.

त्या टेकाडाला टोलकूममधे हॉब्ज बेड म्हणतात. हॉब नावाचं भूत तिथं पाय मुडपून झोपतं म्हणे. टेकाडाच्या माथ्यावर मधोमध एक खळगा आहे, कुणीतरी कधीकाळी सोन्याच्या आशेनं खणलेला. फेरीच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी इमोजेननं त्याचंच विचारलं. हेस्टर अलीकडे केकचं भांडं खरवडत होती.

“हॉब्ज बेडला आणखी काही नाव होतं का, विल्फ? दुसरं, जुनं? कधी कुणी घेतलेलं?”

 टेपची चाकं तेवढी फिरत होती.

“नाही,” विल्फ म्हणाला. “दुसरं नाव नाही.”

हेस्टरनं भांडं खाली ठेवलं.

दुसरं नाव होतं, आणि विल्फला ते ठाऊक होतं. लोअर फार्मवर त्या टेकाडाला रेन्स नेस्ट म्हणायचे, रेनचं घरटं. रेन हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी. हेस्टर जन्मली ती मुठीएवढी, जगते की नाही असं सगळ्यांना वाटलेलं. तिची आई सलगमच्या शेतात खुरपायला जाताना तिला त्या खळग्यात, वारा लागणार नाही अशी, शालीत गुंडाळून ठेवायची. बाप तिला रेन म्हणायला लागला आणि घर टेकाडाला रेन्स नेस्ट म्हणायला लागलं. पुढं अठरा-एकोणीस वर्षांची हेस्टर बापाची शिदोरी घेऊन तिथून जात असताना, शिवेवरचं कुंपण विणणारा एक पोरगा तिला म्हणाला, हॉबच्या अंथरुणावर बसू नकोस, पाय धरेल. ती म्हणाली, हे अंथरूण नाही, हे माझं घरटं आहे. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानंतर लग्न होईपर्यंत, आणि लग्नानंतरही काही वर्षं, विल्फ तिला रेन म्हणायचा. पुढं कधीतरी ते थांबलं. कधी, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. आईबाप गेले, भाऊ कॅनडात वारला, लोअर फार्म पाडून तिथं कुणा मोठ्या जमीनदारानं नांगर फिरवला. आता ते नाव जगात दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकानं आत्ता भिंतीपलीकडे सांगितलं होतं की असं नाव नाही.

हेस्टरनं भांडं पुन्हा उचललं आणि खरवडत राहिली. बांधाच्या प्रत्येक वळणाची, प्रत्येक मेलेल्या मेंढीची गोष्ट त्या बाईला सांगितली. सैतानाचे आवाज काढून सांगितली. आणि माझं एक नाव निघालं, तर ते नव्हतंच. विसरला असता तरी तिनं सोसलं असतं. पण विल्फ कुठलंही नाव विसरत नव्हता, हे तर ती महिनोन्‌महिने ऐकत होती. म्हणजे त्यानं ते मोजलंच नाही. पलीकडचं नाव, पलीकडच्या बाईचं.

विल्फ कोंबड्या कोंडायला बाहेर गेला आणि इमोजेन कप घेऊन आत आली. तिनं आपणहून फडकं उचललं आणि बश्या पुसायला लागली. फेरीची धास्ती वाटते, म्हणाली. चारचौघांत उचलून आपटणार, त्यापेक्षा सगळ्यांसमोर नाव घ्यायचं त्याचीच जास्त.

“त्यात काय,” हेस्टर म्हणाली. तिचा आवाज तिलाच गोड लागला. “हॉब्ज बेड काय, कुणीही सांगेल. खरं जुनं नाव वेगळं आहे. विल्फनं सांगितलं नाही?”

“नाही. दुसरं नाहीच म्हणाले.”

“त्याचं तसंच असतं. परीक्षा बघतो माणसाची. त्या दिवशी वर उभी राहून रेन्स नेस्ट म्हण. म्हातारा खूश होईल बघ. पण आधी बोलू नकोस त्याच्यापाशी.”

इमोजेननं ते पुटपुटून पाहिलं. मग तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि हेस्टरचा ओला हात आपल्या हातात घेतला.

“मला वाटायचं, मी येते ते तुम्हाला आवडत नाही, मिसेस स्टिकलँड. मी किती चुकीचा विचार करत होते.”

हेस्टरनं हात सोडवून घेतला आणि पाणी फार गरम आहे म्हणाली.

नंतरच्या दिवसांत तिला दोनदा वाटलं, जाऊन सांगावं. एकदा ती कोट घालून शाळेच्या घरापर्यंत गेलीही. फाटकातून पाहिलं तर विल्फ इमोजेनच्या परसात उभा, तिच्या कुंपणाची हेझल वाकवून तिला गाठ कशी घालायची ते दाखवत होता. हेस्टरच्या स्वतःच्या परसातलं कुंपण दोन हिवाळे वाकडं झालं होतं. ती तशीच माघारी फिरली. ढेकळं खाल्ल्याशिवाय हिला अक्कल यायची नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि हॅमच्या सँडविचसाठी मोहरी कालवायला बसली.

फेरीचा दिवस लख्ख उजाडला. हेस्टरनं टेबल नेहमीप्रमाणे टेकाडाच्या पायथ्याशी लावलं. चहाचं पिंप, अंड्याची आणि हॅमची सँडविचेस, सायडरच्या बरण्या. गाव दुपारी बांधावरून येताना दिसलं. पुढं पाद्रीणबाई ग्वेन, त्यांच्यामागं काठी टेकत विल्फ, त्याच्या बाजूला इमोजेन. किट्स डिच, लाँग मेरी, स्टार्व्हक्रो. एकेक नाव वाऱ्यावर येत होतं आणि त्यामागून काठ्यांचा आवाज. विल्फनं दाढी केली होती. सोमवार असून.

टेकाडावर गोल धरला गेला. इमोजेन मधे, खळग्याच्या काठावर उभी राहिली. रेजनं बाह्या सरसावल्या.

“सांग बाई, तू कुठं उभी आहेस?”

इमोजेननं आधी खाली, टेबलाकडे पाहिलं. हेस्टरकडे पाहून ती हसली. मग तिनं मोठ्यानं सांगितलं, “रेन्स नेस्ट!”

 पोरंसोरं खिदळली. कुणीतरी वाकून गवताचं ढेकूळ उपटलं.

“हे कुठून काढलंस?” रेज म्हणाला. “गेलीस तू एबरीला. ढकला रे हिला.”

इमोजेनचा चेहरा पडला. पाद्रीणबाईंनी हात वर केला. रीत म्हणजे रीत, म्होरक्या काय म्हणतो ते ऐकू, म्हणाल्या. सगळ्या माना विल्फकडे वळल्या.

हेस्टरला हाच क्षण हवा होता. पण तो आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं याचा पुढचा विचारच केला नव्हता. तो ‘चूक’ म्हणाला, तर तिचं घरटं तिच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर, खोटं ठरणार. आणि ‘बरोबर’ म्हणाला तर त्या बाईनं तेही नेलं. तिनं टेबलाची कड धरली. विल्फ इमोजेनकडे बघतच नव्हता. तो थेट खाली तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“म्हण की काहीतरी, विल्फ,” रेज म्हणाला. “ढेकळं वाळायला लागली.”

“बरोबर आहे,” विल्फ म्हणाला.

“काय बरोबर आहे? साठ वर्षं मी या टेकाडावर येतोय.”

“नाव बरोबर आहे. आपटा तिला.”

रेजनं खांदे उडवले. म्होरक्या म्हणेल ते नाव. त्यानं आणि विल्फनं इमोजेनला उचललं आणि तिचं बूड खळग्याच्या काठावर आपटलं, रीतीप्रमाणे तीनदा, आणि प्रत्येक वेळेस सगळं टोलकूम ओरडलं, “रेन्स नेस्ट!” म्हातारे ओरडले, पोरं ओरडली, पाद्रीणबाई ओरडल्या. चौथ्या वेळेला पोरं नुसतीच गंमत म्हणून ओरडली. त्यातल्या ‘रेन’ या नावानं हेस्टरला फक्त चार माणसांनी हाक मारली होती, आणि त्यातली तिघं मेली होती.

गर्दी टेबलाकडे लोटली. कपांमागून कप भरताना कुणी तिच्याशी काय बोललं ते तिला कळलं नाही. विल्फ सगळ्यांच्या शेवटी आला. त्यानं कप घेतला आणि टेबलाच्या तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. असा तो कधी उभा राहत नसे.

“तिला सगळी नावं दिली मी,” तो हळू म्हणाला. “एवढं एक ठेवलं होतं.”

“तू नाही म्हणालास. मी ऐकलं भिंतीआडून. दुसरं नाव नाही म्हणालास.”

“मग काय सांगणार होतो? नकाशावर लावायला होतं का ते?”

 इतके महिने जे हेस्टरच्या मनात होतं तेच तोंडी आलं.

“तिच्याशी बोलतोस. माझ्याशी कधी बोललास?”

विल्फनं विचार केला. त्याला खरंच विचार करावा लागला.

“तिला काही ठाऊक नसतं. सांगावं लागतं,” तो म्हणाला. “तुला काय सांगायचं? तू तर तिथंच होतीस.”

“मग आज चूक म्हणायचंस. ढेकळं पडली असती तिच्यावर, संपलं असतं.”

“येत होतं जिभेवर. पण त्या जागेवर उभं राहून खोटं बोलणं जिवावर आलं.”

तेवढ्यात इमोजेन आली. स्कर्टला माती, केसांत गवत, गाल लाल झालेले. काखेत टेपरेकॉर्डर. तिनं आधी हेस्टरला मिठी मारली आणि कानात आभार मानले. मग यंत्र टेबलावर, सँडविचच्या ताटाशेजारी ठेवलं आणि कळ दाबली.

“आता राहवत नाही मला. विल्फ, सांगा ना. ही रेन म्हणजे कोण? नक्की कुणीतरी असणार.”

विल्फनं तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड हेस्टर चाळीस वर्षं ओळखत होती. पण आज पहिल्यांदाच तो तोंड मिटून तिच्याकडे बघत थांबला होता. बोलायचं तर तिनं, असं त्यानं तिच्यावर सोडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पण सांगितलं तर ही बाई तेही यंत्रात भरून घेऊन जाणार. पुढच्या गुरुवारी शाल कुठल्या रंगाची होती ते विचारणार, नकाशावर खाली बारीक अक्षरात लिहिणार. हेस्टरनं इमोजेनच्या केसांतल्या गवताकडे पाहिलं आणि तिचा जीव पुन्हा जळला.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “पक्षी असतो एक, लहानसा. पुष्कळ असतात इथं.”

“अच्छा, पक्षीच!” इमोजेन जरा हिरमुसली आणि तिनं यंत्र बंद केलं.

विल्फनं कप खाली ठेवला. कोटाची बटणं लावली, काठी घेतली आणि इमोजेनला म्हणाला की परतीच्या वाटेवर बांधाचा एक तुटलेला भाग आहे, त्याची गोष्ट राहिलीच. ती दोघं गर्दीतून निघाली. बांधावर चढेपर्यंत तो बोलायला लागलाही होता, हातवारे करून. हेस्टरनं उरलेली सँडविचेस ओल्या फडक्यात गुंडाळली. वर टेकाडावर पोरांनी नवाच खेळ काढला होता, खळग्यात उडी मारायची आणि ‘रेन्स नेस्ट!’ असं तिचं नाव घेऊन ओरडायचं.